आधी कंट्रोल

तिनं उजवा पाय आत टाकला तेव्हा लिफ्ट गप्प होती. डावा टाकला आणि घंटी वाजायला लागली. आत सात माणसं होती, ती आठवी. लिफ्टच्या भिंतीवर ‘दहा माणसं’ असं ठळक लिहिलेलं होतं. सातही जणांनी आधी त्या पाटीकडे बघितलं, मग तिच्याकडे, आणि मग सभ्य माणसं बघतात तसं आपापल्या चपलांकडे. कुणी काही बोललं असतं तर बरं झालं असतं, तिला फाडकन उत्तर देता आलं असतं. तोंडाची ती कधीच कच्ची नव्हती. पण घंटीशी काय भांडणार? ती मागे सरकली, बाहेर आली, घंटी त्याच क्षणी थांबली, दार मिटलं आणि लिफ्ट तिच्यावाचून सुखानं वर निघून गेली. प्रयोगशाळा चौथ्या मजल्यावर होती. तिनं पर्स खांद्यावर नीट अडकवली आणि जिना चढायला घेतला. पर्समध्ये डबा, चष्म्याची पेटी, वारा घ्यायला ठेवलेला एक पुठ्ठा आणि मुदतपूर्व निवृत्तीचा अर्ज होता. पन्नाशी ओलांडलेल्यांना सगळे हक्क राखून मोकळं होण्याची सवलत निघाली होती, आणि ती आज पाच वाजता संपणार होती. अर्ज भरून तयार होता, फक्त सही राहिली होती. महिनाभर ती सहीपाशी येऊन अडत होती. पहिला मजला येईपर्यंत तिची खात्री पटली की ती सही आज घंटीनंच करून टाकली.

गंमत अशी की प्रयोगशाळेत तिला सगळे पापुद्रा म्हणत. सव्वीस वर्षांपूर्वी ती कामाला लागली तेव्हा शेहेचाळीस किलोची होती. रुग्णाच्या शरीरातून काढलेला तुकडा मेणात बसवायचा, मग त्या मेणाच्या वडीचे यंत्रावर काप काढायचे, ते कोमट पाण्यावर सोडायचे आणि काचेवर अलगद उचलून घ्यायचे, हे तिचं काम. तिचे काप इतके पातळ निघायचे की पाण्यावर नुसती चमक दिसायची. शेजारच्या टेबलावर मेण ओतणारा मेणबुवा पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता, “ही बाई काप काढत नाही, पापुद्रे सोलते.” नाव चिकटलं ते चिकटलं. पुढे बाळंतपण झालं, चाळिशी आली, पन्नाशी गेली, अंग चहूबाजूंनी वाढत राहिलं, पण काप तेवढेच पातळ राहिले आणि नावही तेच राहिलं. नवीन माणूस आला आणि त्यानं विचारलं, पापुद्रा कोण, की ती एकोणऐंशी किलोंसकट हात वर करायची आणि त्याचा चेहरा मजेत बघायची. इतकी वर्षं मजेत बघायची. दोन वर्षांपूर्वी पाळी बंद झाली, काही गाजावाजा न करता, आणि त्यानंतर हळूहळू ते मजेचं वाटेनासं झालं.

तिसऱ्या मजल्याच्या वळणावर वाफ आली. वाफ हा तिचाच शब्द. छातीच्या मध्यावर कुणीतरी पातेल्यावरचं झाकण काढावं तसं व्हायचं, मग मान, मग कानांच्या मागे, मग कपाळ, आणि दोन मिनिटांत सगळं ओसरून पाठ गार. तिनं कठड्याला टेकून पुठ्ठ्यानं वारा घेतला. तिचा नवरा गणिताचा मास्तर. तो तिला ‘आमचा हीटर’ म्हणायचा. भर उन्हाळ्यात तिनं पंखा शेवटच्या आकड्यावर ठेवला की तो तक्रार न करता गोधडी काढायचा आणि नाकापर्यंत ओढून, नुसते डोळे बाहेर ठेवून वर्तमानपत्र वाचायचा. त्या दृश्यावर ती आजही हसली. पण हसता हसता आई आठवली. आई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होती, कानावर यंत्र लावून दिवसभर दूरदूरच्या माणसांच्या तारा एकमेकांना जोडायची. याच वयात ती घरी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहून मुलीच्या शाळेच्या वहीनं वारा घ्यायची, चेहरा लालबुंद. मुलीला वाटायचं, आई रागावलीय, आणि ती गुपचूप आपले बूट जागेवर ठेवायची. “काही नाही गं, अंगावरून गाडी गेली,” एवढंच आई म्हणायची. मग एका दिवशी तिनं नोकरी सोडली. कुणी विचारलं तर म्हणायची, “आता काय राहिलंय माझ्यात?” पुढची वीस वर्षं ती त्याच खिडकीशी बसली, आणि घरातल्या कुणाला त्या वाक्यावर काही बोलायचं सुचलं नाही. जिन्यात उभं राहून तिला पहिल्यांदाच वाटलं की आपण तरी तेव्हा भांडायला हवं होतं.

वर पोचली तेव्हा मेणबुवा मेणाचं भांडं गरम करत होता. “आज जिन्यानं? काय नवस फेडतेयस?”

“लिफ्टनं उतरवलं मला.”

“वशिला कमी पडला तुझा,” तो म्हणाला आणि न विचारता तिच्यासमोर गार पाण्याचा पेला ठेवला. तिच्याच वयाचा होता, त्याला वाफा येत नव्हत्या पण टक्कल पडलं होतं, आणि त्यामुळे आपल्यालाही या विषयात बोलायचा अधिकार आहे असं त्याला वाटे. अर्जाचं त्याला माहीत होतं. त्यानं त्यावर एकदाच मत दिलं होतं, “तू गेलीस तर मी भांडू कुणाशी?” आणि नंतर तो विषय काढला नव्हता.

आजची काचांची तुकडी संशोधनाची होती. डॉक्टरबाई, प्रयोगशाळेच्या प्रमुख, तिच्याहून दहा वर्षांनी लहान आणि काडीसारख्या, वर्षभर एकाच प्रश्नाच्या मागे होत्या: पाळी बंद झाल्यावर आणि वजन वाढल्यावर बायकांच्या स्तनातल्या पेशींमधल्या रिसेप्टरांचं काय होतं. नवीन लोकांना रिसेप्टर समजावून सांगायचं काम पापुद्राचंच असे. ती सांगायची, हॉर्मोन म्हणजे हाक आणि रिसेप्टर म्हणजे ती ऐकणारा कान. आपण कापावर असं औषध घालतो की जिथे कान असेल तिथे तपकिरी रंग चढतो, बाकी सगळं निळं राहतं. तीन आठवड्यांपूर्वी तिच्या स्वतःच्या स्तनातली एक गाठ काढली होती. गाठ निरुपद्रवी निघाली, तो घोर दोन दिवसांत संपला होता. पण तशीच एक निरुपद्रवी गाठ तेहेतिसाव्या वर्षीही काढली होती आणि तिची मेणाची वडी कोठीत जपून ठेवलेली होती. डॉक्टरबाईंचे डोळे चमकले. एकाच बाईचे दोन तुकडे, एक पाळी चालू असतानाचा आणि सडपातळ, दुसरा पाळी गेल्यानंतरचा आणि... “आणि भरलेला,” पापुद्रानंच वाक्य पुरं केलं आणि संमतीच्या कागदावर सही ठोकली. तिथे सही करताना हात अडला नव्हता. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या की तुमच्या काचा दुसऱ्या कुणाला करू द्या. तिनं ऐकलं नाही. आपल्या अंगाचा काप दुसऱ्यानं जाड काढलेला तिला खपला नसता.

सकाळभर तिनं ते केलं. तिच्याच शरीराचा तुकडा तिच्या हाताखाली, पाण्यावर तरंगताना तो बाकीच्यांसारखाच दिसत होता, चमकणारा आणि कुणाचाच नाही. कडेला चरबीची जाळी होती. प्रक्रियेत चरबी विरघळून जाते आणि तिच्या जागी नुसती गोल गोल रिकामी घरं उरतात. जुन्या वडीत ती चार-दोन होती, नव्या वडीत वस्तीच्या वस्ती. हीच ती घंटी वाजवणारी, तिच्या मनात आलं. काचा भट्टीतून काढल्या, मेण उतरवलं, कुकरमध्ये वाफवल्या, ओल्या डब्यात ओळीनं मांडल्या. आता प्रत्येक कापावर छोट्या कुपीतल्या औषधाचा एकेक थेंब सोडायचा आणि तासभर झाकून ठेवायचं. कुपी हातात घेतली आणि वाफ आली, सकाळपेक्षा मोठी, चष्म्याची काच धूसर करणारी. ती तशीच उठली आणि औषधांचा मोठा फ्रीज उघडून आत तोंड घालून उभी राहिली. मागून मेणबुवा म्हणाला, “डोकं आत विसरू नको, लेबल लावलेलं नाही त्याला.” ती हसली, गारवा पापण्यांपर्यंत येऊ दिला, परत येऊन बसली, डब्याचं झाकण लावलं आणि तासाचं घड्याळ लावलं. पुढचं सगळं रीतसर केलं.

दीड वाजता काचा तयार झाल्या. बाकीचे जेवायला गेले होते. तिनं सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावला आणि सरळ आपली काच घेतली, नवी, बावन्न वर्षांची. तिला घाई होती. दहाव्या वर्षी वर्गात निकाल वाचत असताना आपलं नाव येईपर्यंत श्वास अडकायचा, तशी घाई. तिनं स्क्रू फिरवला. निळं. तिनं काच सरकवली. निळं, सगळीकडे निळं, सुंदर, स्वच्छ, एकसारखं निळं, आणि तपकिरी एक ठिपका नाही. तिनं कोपरा न् कोपरा पाहिला. दुधाच्या नळ्यांच्या भिंतींवर पेशी शिस्तीत बसलेल्या होत्या आणि एकीलाही कान नव्हता. म्हणजे हाक तर बंद झालीच होती, पण ऐकणारंही कुणी उरलं नव्हतं. तिला रडू आलं नाही. तिला आईचं वाक्य ऐकू आलं, अगदी आईच्या आवाजात, आणि प्रथमच ते खरं वाटलं. आता काय राहिलंय माझ्यात? हे बघ ना, पुरावा. गेल्या महिन्यात तिच्या हातून दोन काचांचा क्रम उलटा लागला होता, लगेच लक्षात आला म्हणून बरं. फोन कुठे ठेवला ते आठवत नाही, शेजारणीचं नाव ऐन वेळी जिभेवर येत नाही, मुलीनं परदेशातून पाठवलेला अंगरखा दंडात अडकतो. सगळ्याची बेरीज मास्तराच्या बायकोला करता येत होतीच. जुनी काच बघायची गरजही तिला वाटली नाही. तिथे काय होतं ते तिला माहीत होतं, ती स्वतः तिथे होती. तिनं पर्समधून अर्ज काढला, टेबलावर पसरला आणि सही केली. सही छान आली. कार्यालय तळमजल्यावर होतं आणि उतरायला जिना सोपा होता.

ती दाराशी पोचली तेव्हा मेणबुवा सफरचंद खात परत येत होता. त्यानं तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, मग हातातल्या कागदाकडे.

“झाल्या काचा?”

“झाल्या. निळ्या आल्यात.”

“तुझी?”

“माझी. काहीच नाही रे तिच्यात. एक ठिपका नाही.”

त्यानं सफरचंदाचा घास सावकाश चावला. “आणि कंट्रोल?”

प्रत्येक तुकडीत पहिली काच कंट्रोलची असते. कुणा अनोळखी बाईच्या, कधीच्या काळी काढून टाकलेल्या गर्भाशयाचा तुकडा, ज्यात रिसेप्टर आहेत हे पक्कं ठाऊक असतं. ती काच तपकिरी आली तर काम बरोबर झालं. ती निळी राहिली तर दोष कामात, रुग्णात नव्हे, आणि मग बाकीच्या काचांकडे बघायचंसुद्धा नाही. आधी कंट्रोल. सव्वीस वर्षांत हे दोन शब्द तिनं किती जणांच्या डोक्यात घातले होते! हे न पाळल्याबद्दल तिनं एका बड्या डॉक्टरला सगळ्यांसमोर झापलं होतं. भिंतीवर तिच्याच अक्षरात तो कागद चिकटवलेला होता, कडा पिवळ्या पडलेल्या.

ती परत फिरली, धावतच. एकोणऐंशी किलो धावले आणि टेबलावरच्या बाटल्या किणकिणल्या. तिनं पहिली काच लावली. निळी. निळीशार. मग तिनं कुपी उजेडात धरली. औषध सकाळी होतं तेवढंच होतं, गळ्यापर्यंत. एक थेंबही पडलेला नव्हता. फ्रीजमध्ये तोंड घालून उभी असताना जे करायचं राहिलं, ते केलंच आहे अशा थाटात ती परत येऊन बसली होती.

हसू आधी पोटात आलं. ते वर चढायला लागलं, वाफेसारखंच, त्याच वाटेनं, पण हे ओसरेना. ती स्टुलावर बसली, मग स्टुलाला धरून बसली. “अरे, मी,” ती म्हणाली, “मी औषधच... आणि मी सही...” आणि पुढचं बोलता येईना. मेणबुवाला आधी काही कळलं नाही, मग कुपी बघून कळलं, आणि तो असा हसला की सफरचंदाचा तुकडा घशात अडकून त्याच्या पाठीत थापट्या माराव्या लागल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं दोघांच्या. खरं तर त्यात तिचं थोडं रडणंही होतं, पण ते वेगळं काढायची गरज नव्हती. काहीच सिद्ध झालं नव्हतं! बाईला काही झालेलं नव्हतं, काम चुकलं होतं, आणि काम दुरुस्त करता येतं.

“आता?” मेणबुवानं डोळे पुसत विचारलं. “आधी तळमजला की आधी काचा?”

तिनं घड्याळ बघितलं. सव्वादोन. नवे काप, भट्टी, कुकर, थेंब, तास, रंग; सगळं धरलं तर सहा वाजणार. कार्यालय पाचला बंद. अर्ज देऊन यायला दहा मिनिटं पुरली असती, आणि हे तिला चांगलं माहीत होतं. तिनं अर्ज टेबलावर पालथा टाकला, त्याच्या कोऱ्या पाठीवर नव्या काचांचे आकडे ओळीनं लिहिले आणि बर्फावरची मेणाची वडी उचलून यंत्रात बसवली. यंत्राचं चाक फिरायला लागलं. काप निघाले, एकाला एक चिकटून, रिबिनीसारखे, सुरकुती नाही. हात थरथरत नव्हते. हात कधीच थरथरत नव्हते, हेही तिनं तपासून बघितलं नव्हतं. मध्ये एकदा वाफ आली. या वेळी तिनं आधी कुपी खाली ठेवली, मेणबुवाला मोठ्यानं सांगितलं, “थेंब राहिलेत, ऐकतोयस ना?” आणि मगच फ्रीजपाशी गेली.

“ऐकतोय,” तो म्हणाला. “सगळा मजला ऐकतोय.”

पाचला पाच कमी असताना फोन वाजला. कार्यालयातला कारकून होता, भला माणूस. “बाई, तुमचा अर्ज यायचाय अजून. मी पाचला खिडकी बंद करतोय.”

“माझ्या काचा औषधात आहेत हो. सव्वापाचपर्यंत उठता यायचं नाही.”

“मग कुणाबरोबर तरी पाठवा.”

“तो कागद ओला झालाय, मागे आकडे लिहिलेत.”

“उद्या चालणार नाही बरं का. सवलत आज संपते.”

“संपू दे,” ती म्हणाली, आणि आपला आवाज इतका उल्हसित निघेल असं तिला वाटलं नव्हतं. कारकून म्हणाला, “बरं झालं. आमच्या मिसेसची काच तुम्हीच केली होती ना, त्यांना तुमचं फार कौतुक.” फोन ठेवल्यावर तिनं घड्याळाकडे बघितलं. पाचचा काटा सरकला आणि काही झालं नाही.

सहा वाजता खिडकीत अजून ऊन होतं. डॉक्टरबाई निघायच्या तयारीत होत्या, पण थांबल्या. तिनं पहिली काच लावली. कंट्रोल. तपकिरी, भरघोस तपकिरी. त्या अनोळखी बाईला तिनं मनातल्या मनात नमस्कार केला. मग जुनी काच लावली, तेहेतिसाव्या वर्षाची. नळ्यांच्या भिंतीवर इथे एक, तिथे दोन असे तपकिरी ठिपके, विरळ. बस, एवढेच? तिला आठवत होतं त्या मानानं ती तरुण बाई बरीच अरसिक निघाली. मग तिनं नवी लावली आणि हात मांडीवर ठेवून वाकली. मोहरी सांडलेली होती. भिंतीभिंतीवर, ओळीनं, दाटीनं, टपोरी तपकिरी मोहरी, आणि तिच्या भोवती चरबीची ती गोल रिकामी घरं, शेजाऱ्यांसारखी खेटून.

“बघा तुम्ही,” ती उठली. डॉक्टरबाई बराच वेळ बघत राहिल्या.

“वाढलेत,” त्या म्हणाल्या. “दोन्हींत केवढा फरक आहे, बघितलंत ना? बीजकोश थांबले की हाक बारीक होते. मग काही पेशी कान जास्त टवकारतात. आणि ही चरबी आहे ना, ती रिकामी बसत नाही. बीजकोशांनी दुकान बंद केलं तरी ती घरच्या घरी थोडं थोडं हॉर्मोन करत असते.” मग त्यांना आपण डॉक्टर असल्याची आठवण झाली. “पण एका बाईवरून काही ठरत नाही हं. आणि जास्त म्हणजे चांगलंच, असंही नाही. वजनाकडे बघायचं, दरवर्षी तपासणी करायची, न चुकता.”

“करीन की. पळून कुठे जातेय?”

“अर्जाचं काय झालं?”

“त्याच्यावर काचांचे आकडे आहेत. फाइलला लावून टाका.”

डॉक्टरबाईंनी तो पालथा कागद उलटून बघितला. त्यावर सही होती आणि सहीवर तपकिरी रंगाचे तीन थेंब. फाइलला कागद लावताना त्या खूष दिसल्या.

ती मात्र पुन्हा डोळा लावून बसली होती. तिला आई दिसत होती, खिडकीशी बसलेली नव्हे, त्याआधीची, एक्स्चेंजमधली, जिला भेटायला ती शाळेतून जायची. खूप दूरची तार लागली की आवाज अगदी बारीक यायचा, मुंगीएवढा. तेव्हा शेजारच्या बायका ‘हॅलो, हॅलो’ म्हणून ओरडायच्या. आई ओरडायची नाही. ती डोळे मिटून कानावरचं यंत्र तळहातानं घट्ट दाबून धरायची, आणि तिला ऐकू यायचं. कुणालाच ऐकू आलं नाही तरी तिला यायचं. “राहिलं होतं गं, आई,” ती काचेवर वाकूनच पुटपुटली. “खूप राहिलं होतं. आपण कंट्रोलच बघितला नाही.” मेणबुवा भांडी धूत होता. त्यानं ऐकलं असेल तरी तो वळला नाही.

निघताना तिघं बरोबरच निघाली. लिफ्ट वरून आली ती अर्धी भरलेलीच. डॉक्टरबाई फाइलींचा गठ्ठा घेऊन आत शिरल्या, मेणबुवा डबा घेऊन शिरला. तिनं उजवा पाय टाकला, डावा टाकला आणि घंटी वाजायला लागली. दोघंतिघं आपापल्या चपलांकडे बघायला लागले. ती पर्स पोटाशी धरून लिफ्टच्या मध्यावर उभी राहिली, ऐसपैस, आणि घंटी वाजत राहिली.

“मी इथेच आहे,” तिनं सगळ्यांना सांगितलं. “कुणाला उतरायचं असेल त्यांनी उतरा.”

डॉक्टरबाई फाइलींसकट खुदकन हसल्या आणि मेणबुवा डबा हलवत बाहेर पडला.